मिनाहोच्या अर्जावरची सही

साकाता, २० मार्च

ती. फुमिएताईस,

तोकुजीचा वाकून नमस्कार. (कमरेतून पुरता वाकलोय, नुसती मान हलवलेली नाही. एवढं का वाकलोय ते पुढे कळेलच.) तुझा गुडघा कसा आहे? मोरिओकात अजून बर्फ आहे असं ऐकतो, तेव्हा बाहेरच्या पायऱ्या जपून उतर. भावजींनी नवे दात बसवून घेतले म्हणे. जुन्या दातांनी त्यांनी माझ्या लग्नात जे भाषण केलं होतं ते मी विसरलेलो नाही, त्यामुळे नव्या दातांना आत्ताच नमस्कार करून ठेवतो. इथे सौ. योरिए ठणठणीत आहे. मिनाहोने उंचीत आईला मागे टाकलं. दुकान चालू आहे. मी मात्र गेले तीन आठवडे घरात पेइंग गेस्टसारखा जेवतोय. वाढलेलं खायचं, आभार मानायचे आणि गुपचूप उठायचं.

ताई, तुझी मुलं शाळेतून सुटून इतकी वर्षं झाली की तुला आता आठवतही नसेल. पहिलीपासून नववीपर्यंत इथे कुणी नापास होत नाही. पोरं स्वतः वर्ग झाडतात, एकमेकांना जेवण वाढतात, सगळ्यांच्या डोक्यावर एकच टोपी. आपल्यालाही वाटायला लागतं की जगात सगळी माणसं सारखीच असतात. आणि मग पंधराव्या वर्षी एक सकाळ अशी उगवते की सगळ्यांना एकाच चाळणीत ओततात. सरकारी शाळेसाठी एकच अर्ज आणि एकच परीक्षा. शिवाय प्रत्येक पोराला एक आकडा चिकटतो. सरासरीपासून ते किती वर किंवा खाली आहे, त्याचा. गल्लीत बायका पोरांची नावं विसरतात, आकडे विसरत नाहीत. आमच्या मिनाहोचा आकडा अडुसष्ट. (हे मी कुणाला सांगत नाही. गिऱ्हाइकाने विचारलं तरच सांगतो. नाही विचारलं तर विचारेपर्यंत केस कापत राहतो.)

अडुसष्ट म्हणजे सरळ टेकडीवरची शाळा, तिथून सेंदाईचं विद्यापीठ आणि मग काहीही. डिसेंबरात शाळेने आम्हाला बोलावलं. एका बाजूला वर्गशिक्षक ओबाता सर, दुसऱ्या बाजूला मी, आणि मध्ये मिनाहो, गुडघ्यांवर हात ठेवून. सरांनी विचारलं, कुठे अर्ज करणार? ती म्हणाली, "धक्क्यावरच्या मासेमारीच्या शाळेत." सरांच्या हातातलं पेन खाली पडलं. त्या शाळेत जागा ऐंशी आणि अर्ज पन्नास येतात. परीक्षेला जाऊन बसलं आणि नाव बरोबर लिहिलं की झालं. सर म्हणाले, "इसोगाई मिनाहो, तू थट्टा करतेयस का?" ती म्हणाली, "नाही सर. त्यांचं जहाज आहे. दुसऱ्या वर्षी दोन महिने ट्यूना पकडायला नेतात." मी हसलो. मला वाटलं, उन्हाळ्यात तिने कुठेतरी फोटो पाहिला असेल, थंडी वाढली की खूळ उतरेल. पण थंडी वाढली, बर्फ पडलं, अर्ज भरायची तारीखही गेली, आणि अर्जावर तिने धक्क्यावरच्याच शाळेचं नाव लिहिलं.

आता माझं पाप. फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी ओबाता सर केस कापायला आले. मानेवर वस्तरा फिरवत होतो तेव्हा ते आरशातल्या मला म्हणाले, "इसोगाईसान, गुरुवारी दुपारी बारापर्यंत अर्ज बदलता येतो. एकदाच. पालकाच्या नावाचा शिक्का आणि मुलीची सही, एवढंच लागतं. वर्षाकाठी एखादंच असं डोकं येतं हो." (वस्तरा माझ्या हातात होता, पण मान त्यांनी माझीच पकडली.) जाताना त्यांनी कोरा फॉर्म माझ्या गल्ल्यावर ठेवला. ताई, आपल्या आडनावाच्या पहिल्या अक्षरात सतरा रेघा आहेत, आणि मिनाहो त्यातली शेवटची रेघ जराशी आखूडच सोडते. गरम टॉवेलांच्या वाफेने दुकानाचा आरसा धुरकट झाला होता. त्यावर बोटाने मी ती रेघ गिरवून पाहिली. सहाव्यांदा जमली. मग पेन घेतलं. शिक्काही मारला. बुधवारी फॉर्म शाळेत नेऊन दिला आणि योरिएला सांगितलं की ब्लेड आणायला गेलो होतो.

गुरुवारी निकाइदो गुरुजी खुर्चीत होते. आपल्या दोघांना दुसरीत शिकवणारे तेच. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण अजूनही माझ्या फरशीवर केस दिसले की मला झाडू दाखवतात. त्यांचा डावा गाल झाला होता आणि उजव्यावर फेस होता. अकरा वीसला दार सरकलं आणि मिनाहो आत आली. अंगात कोट नाही, पायात शाळेच्या आत घालायचे पांढरे कापडी बूट, गुडघ्यापर्यंत बर्फाने भिजलेले. या मुलीने तीन वर्षांत एक तासही शाळा चुकवलेली नाही, ही एकशे एक ताप असतानाही रांगेत उभी राहिलेली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, ओबाता सर फॉर्म दाखवून म्हणाले, निर्णय बदललास ते छान केलंस, आणि मी काही बोलायच्या आत निघून गेले. मी काहीच बदललेलं नाही."

मी वस्तरा पुसत राहिलो.

"ती सही माझी नाही," ती म्हणाली. "कुणाची आहे ते मला माहीत आहे. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मी पुसलेला वस्तरा पुन्हा पुसायला घेतला. तेवढ्यात गुरुजींनी गळ्यातलं कापड न काढताच विचारलं, "सर गेले कुठे?" ती म्हणाली, "आधीचा अर्ज काढून घ्यायला धक्क्यावरच्या शाळेत. आत्ताच, गाडीने." गुरुजी उठले. "माझी गाडी दारातच आहे. चल तोकुजी. तुझी गाडी बर्फातून उकरेपर्यंत उन्हाळा येईल."

ताई, तो प्रवास मी मरेपर्यंत विसरणार नाही. अकरा सत्तावीस झाले होते. रस्त्यावर बर्फाचा चिखल, आणि गुरुजी ताशी वीसच्या वेगाने, दोन्ही हात चाकावर, अर्ध्या चेहऱ्यावर फेस. पुढे पिवळा दिवा लागला. गाडी अलगद थांबली. मी म्हणालो, "गुरुजी, निघालो असतो हो!" ते म्हणाले, "पिवळा लागला की थांबायचं. दुसरीत शिकवलं होतं." रेल्वे फाटकाशी पुन्हा थांबलो. मालगाडीचे डबे मी मोजले, एकवीस. मागच्या सीटवर मिनाहो भिजलेले बूट पायात घालून खिडकीबाहेर बघत होती, आणि आरशात ती दिसू नये म्हणून मी समोर बघत होतो. घड्याळात अकरा चव्वेचाळीस. मनात एकच विचार. बारा वाजले, तर ही मुलगी मला आयुष्यभर नमस्कार करेल, वाढून देईल, आणि पुन्हा कधी काही सांगणार नाही.

अकरा बावन्नला पोचलो. दारात बूट काढून सपाता घालायच्या. मी दोन्ही पायांत डाव्याच सपाता चढवल्या आणि तसाच पळत सुटलो. कार्यालयाच्या खिडकीशी ओबाता सर वाकून आभार मानत होते. आतल्या बाई शिक्का शाईवर दाबत होत्या.

"थांबा!" मी ओरडलो.

सगळे वळले. एक माणूस दोन डाव्या सपातांत, मागे फेस लावलेला म्हातारा गळ्यात चादर बांधून, आणि त्याच्यामागे भिजलेली मुलगी. बाई शांतपणे म्हणाल्या, "फॉर्म परत घ्यायचा असेल तर पालकाचा शिक्का लागेल." माझा शिक्का दुकानात, कंगव्यांच्या डब्यात. सरांनी घड्याळ पाहिलं. "इसोगाईसान, काय चाललंय हे? शिक्का तुमचाच आहे ना?"

"शिक्का माझा आहे."

"आणि सही?"

अकरा छप्पन्न. मी मिनाहोकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, राग नव्हता, नुसती वाट पाहत होती. मला तेव्हा जे वाटलं ते वस्तऱ्याने कापल्यापेक्षा वाईट होतं.

"सहीही माझीच," मी म्हणालो. "मी खोटी केली. आरशावर गिरवून."

गुरुजींच्या हनुवटीवरून फेसाचा एक थेंब फरशीवर टपकला. बाईंनी शिक्का बाजूला ठेवला, फॉर्म उचलला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "विद्यार्थिनीची सही नसेल तर हा फॉर्मच नाही. नुसता कागद आहे." मग मिनाहोकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "टॉवेल हवा का? जहाजावरचे आहेत, जाडजूड." मिनाहोने टॉवेल घेतला. तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

मी जमिनीवर डोकं टेकवून ओबाता सरांची माफी मागितली, त्यांनी मला उठवलं नाही, आणि ते बरोबरच होतं. घरी आल्यावर प्रायश्चित्त म्हणून मी योरिएकडून डोकं तासून घेतलं. (तिने मुद्दाम बोथट वस्तरा वापरला. गिऱ्हाइकं विचारतात, मी सांगतो फॅशन आहे.) मिनाहो परीक्षेला बसली आणि पास झाली. पण त्या गुरुवारी मध्येच निघून आल्याची नोंद झाली, त्यामुळे शाळेच्या निरोपाच्या दिवशी पूर्ण हजेरीचं प्रशस्तिपत्र तिला मिळालं नाही. दुसऱ्या मुलीला मिळालं. मिनाहोने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो, बोडकं डोकं खाली घालून.

आता बोट दुखायला लागलं. दोघांनी प्रकृतीला जपावं. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य.

तुझा,
तोकुजी

ता. क. या पत्रात मी आईबद्दल चकार शब्द काढलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. हे सगळं पत्र त्यासाठीच आहे. जानेवारीत आईचा फोन आला तेव्हा मी तिला सांगून बसलो की नात टेकडीवरच्या शाळेत जाणार. तिने तुझ्या गल्लीत सगळ्यांना सांगितलं असणार. ताई, तू धीराची आहेस, खरं काय ते तूच तिला सांग. जेवण झाल्यावर सांग.

ता. क. २. वर अडुसष्ट आकड्याचं लिहिलं ते सगळं खरं नाही. आकडा पन्नास असता तरी मी ती सही केली असती. बाबांची होडी परत आली नाही तेव्हा मी सात वर्षांचा होतो, तू अकराची. तुझं लग्न झालं तशी आई समुद्र दिसू नये म्हणून तुझ्याकडे मोरिओकाला येऊन राहिली. तिला कोणत्या तोंडाने सांगू की नात जहाजावर चाललीय?

ता. क. ३. आत्या, मी मिनाहो. पाकिटावर तिकीट लावायला बाबांनी पत्र माझ्याकडे दिलं. मी वाचलं, चुकलेली चार अक्षरं लाल पेनाने दुरुस्त केली आहेत. आजीला काही सांगू नका. मी तिला ऑक्टोबरमध्येच सांगितलंय. फोनवरच ती म्हणाली, "आधी नीट पोहायला शीक. आणि तुझ्या बापाला एवढ्यात सांगू नकोस. त्याला पाण्याची भीती वाटते, म्हणून तर तो न्हावी झाला."