एकाच माणसाची एकोणीस चित्रं

प्रिय रामप्रसाद,

फोनवर मी ओरडते आणि तू गप्प होतोस, म्हणून लिहिते आहे. माझ्या मोनिकाच्या लग्नात तू मामा म्हणून तिच्यामागे उभा राहशील, पण इंद्रजीत सोबत असेल. तो नको असेल तर तूही येणार नाहीस, असं तू सांगितल्याला बारा दिवस झाले. मी उत्तर दिलं नाही. काल मात्र भागूमावशीला घेऊन तुझं प्रदर्शन बघून आले. तू जेवायला गेला असशील अशी वेळ साधली, हेही सांगून टाकते.

चित्रांतलं मला कळत नाही. मी जन्मभर भूमिती शिकवली. पण मोजता येतं. कन्नड गावातल्या दुकानात तू वारलेल्या माणसांचे चेहरे पासपोर्ट फोटोवरून मोठे करून द्यायचास, मग कॉलेजांच्या हॉलसाठी माजी प्राचार्य रंगवलेस, पुढे दिल्लीपर्यंत गेलास. आणि या प्रदर्शनात इंद्रजीत एकोणीस वेळा आहे. सहाव्या चित्रात त्याला चष्मा लागतो. अकराव्यात कानाजवळचे केस पांढरे होतात. शेवटच्यात तो चक्क पेंगतो आहे. तो कंटाळत नाही? रंगवताना तुम्ही बोलता का? चिकलठाण्याच्या तुझ्या स्टुडिओत, त्या पत्र्याच्या शेडमध्ये भर उन्हाळ्यात तो तासन्‌तास बसतो कसा? आणि डोळे मिटलेला माणूस इतका ओळखीचा कसा वाटतो? तुझे प्राचार्य टक्क डोळे उघडून बसलेत, पण कुणाकडेच बघत नाहीत.

तो नुसता मॉडेल आहे, असं आपल्या आबांना मीच सांगितलं होतं. ते सोपं होतं. आबांनी मग त्याला ओट्यावरच चहा पाठवला आणि तो घेऊन मी गेले. त्यानं कप स्वतः विसळून ठेवला. घरात सगळे अजून तेच धरून आहेत. काल भागूमावशी भर दालनात म्हणाली, "अगं सुरेखे, या बाप्याला घरदार नाय व्हय? जवा बघावं तवा बसलेलाच!" लोक हसले. मलाही हसून पुढं जाता आलं असतं. मी म्हणाले, आहे. रामप्रसादचं घर तेच त्याचं घर, वीस वर्षं झाली. मावशी चित्राच्या अगदी जवळ गेली. मग म्हणाली, "मंग जरा जेवू घाल म्हणावं, लई वाळलाय." तिला किती कळलं, ठाऊक नाही.

लग्नपत्रिका सोमवारी छापायला जाते. मामाच्या ओळीत तुझ्या नावाशेजारी त्याचं नाव घालायचं आहे, आणि पत्रिकेत नुसतं इंद्रजीत चालत नाही. त्याच्या वडिलांचं नाव काय? आडनाव काय? वीस वर्षांत मी हे एकदाही विचारलेलं नाही. रविवारपर्यंत कळव.

तुझीच, बोलायला अजून तेवढीच कडक,
सुरेखाताई