रंभाबाईंचं कुंकू

मुंबई, ६ फेब्रुवारी १९६६

चि. सौ. सुलूस, अनेक उत्तम आशीर्वाद.

एकदाचा माझा निबंध त्रैमासिकात छापून आला! पुण्याच्या परिषदेत वाचला तेव्हा टाळ्या पडल्याच होत्या. आता विभागप्रमुखांनी स्वतः चहा पाजला, आणि हा गृहस्थ एरवी कुणाला पाणी विचारत नाही. होडी परतली नाही तर सातपाटीच्या घरांत काय काय पाळतात, हा विषय. दिवाळीत तुझ्याकडे राहून तुझ्या सासूबाईंशी, रंभाबाईंशी बोललो, त्याचेच हे फळ. अंक सोबत धाडतो आहे. सातवी पास झालीस ती काही नुसते मासळीचे भाव वाचायला नव्हे. सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखव. विश्रामरावांचे तारापूरच्या बांधकामावरचे काम ठीक असेलच. ती. सौ. रंभाबाईंना साष्टांग नमस्कार.

माया आहे तशी ठेव.

तुझा दादा,
नरहरी

सातपाटी, १४ फेब्रुवारी १९६६

ती. दादास, सुलूचा शि. सा. न. वि. वि.

दादा, काय लिहून ठेवलंस रे हे!

बायका बोंबील वाळत घालत होत्या. मी मिरवत मिरवत अंक घेऊन मध्ये बसले. माझा भाऊ, माझा भाऊ, किती तो तोरा! आणि वाचता वाचता तोंडातून निघून गेलं, की या घरातील विधवा आजही कुंकू लावते. जीभ आवरली नाही. सगळ्यांचे हात थांबले.

मामंजींची होडी गेली ती गेली. ना फळी मिळाली, ना माणूस. ह्यांची आय पहिल्यापासून म्हणते, की मला कुणी येऊन सांगितलेलं नाय, मग मी का पुसू? गावानं तिचं ऐकलं. तो शब्द आजवर कुणी तिच्यासमोर काढला नाही. हळदीला पहिलं बोलावणं तिलाच. तू स्वतः पत्रात सौ. लिहितोस, आणि छापताना असं?

तिनं पुन्हा वाचायला सांगितलं. मी तो शब्द गाळला. ती म्हणाली, लिवलंय तसंच वाच. वाचलं. मग ती आत जाऊन तोंड धुऊन आली. कपाळ कोरं. हे माझ्याशी बोलत नाहीत, आणि मला आळीत तोंड दाखवायला जागा नाही.

रागावले आहे, तरी तुझीच.

सुलू

मुंबई, १८ फेब्रुवारी १९६६

चि. सौ. सुलूस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मान वर होईना. नाव कुठेच घातले नव्हते, अशी स्वतःची समजूत घालून पाहिली, लाज वाटली. खरे सांगू? तो शब्द घातल्याशिवाय वाक्याला जोर येत नव्हता. पुण्यात नेमक्या त्याच वाक्याला टाळ्या पडल्या. आज वर्गात शिकवताना त्या आठवल्या आणि मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो.

संपादकांना दुरुस्ती पाठवली आहे. रविवारी पालघरला उतरून तुमच्याकडे येतो आणि तुझ्या सासूबाईंच्या पायांवर डोके ठेवतो. त्यांना नमस्कार सांग. नावामागे आता काय लिहावे ते कळत नाही.

जमले तर लोभ राहू दे.

नरहरी

सातपाटी, २२ फेब्रुवारी १९६६

ती. दादास, शि. सा. न.

रविवारी आला नाहीस. मी वाट पाहिली. धीर झाला नसेल, मला कळतं.

पण तू समजतोस तसं नाही रे. आय तुझ्यावर रागावलेलीच नाही. राग असता तर बरं झालं असतं. तिला वाटतंय, तुला मामंजींची खबर लागली. नरहरी एवढ्या मोठ्या ठिकाणी बसतो, देशोदेशीची माणसं त्याला भेटतात, समजल्याबिगर कोण छापील, असं ती आळीभर सांगत फिरते. तुझ्या दुरुस्तीचं मी सांगितलं, तर ती हसली. पोराला वाईट वाटलं म्हणून लपवतोय, म्हणाली.

ती रोज मला विचारते, कुठच्या किनाऱ्याला सापडले? अग्नी कुणी दिला? अंगावर काय होतं? तिथी तेवढी कळव म्हणते, म्हणजे वर्षाचं पान वाढता येईल. बांगड्या अजून हातात आहेत. तुझं उत्तर आलं की उतरवणार आहे. आणि दादा, ती तुला आशीर्वाद देते. एवढ्या सालांत कुणाला जमलं नाही ते माझ्या सुनेच्या भावानं केलं, म्हणते.

तुला कुणी काही सांगितलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिला ते मी सांगणार नाही. तूच येऊन सांग.

तुझी,
सुलू