तळघरातल्या स्पीकरच्या खोक्याची व्यवस्था

मी, ओझेला टिस्डेल, वय एक्याऐंशी, दिवंगत लुशस टिस्डेल यांची विधवा, राहणार डेट्रॉइट, पूर्व भाग, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या अकलेने लिहीत आहे. शाळा चौथीत सुटली, म्हणून अक्षर वाकडं आहे. डोकं सरळ आहे, तसं डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणायचा प्रयत्न झाला, तो कलम चारमध्ये येईल. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते लिहिलं तेव्हा मी मुलावर खूश होते.

कलम १. राहतं घर आणि बँकेत उरेल ते माझा मुलगा रॉस्को याला. घर विकू नकोस असं मी म्हणत नाही, कारण म्हटलं तरी तो विकणार. माझी शवपेटी स्वस्तातली घ्यावी. बावीस वर्षं मी शवपेट्यांच्या कारखान्यात आतलं अस्तर शिवलं. महागड्या पेटीतल्या कोणी येऊन आभार मानले नाहीत, स्वस्तातल्या कोणी तक्रार केली नाही.

कलम २. मागच्या गॅरेजमधली सगळी हत्यारं माझी नात टॉनेट हिला. ती शहराची बस चालवते, म्हणजे मोठी वस्तू अरुंद जागेतून न्यायची कशी हे तिला कळतं. लुशस आणि मी बनवायचो तशी ऑर्गनला जोडायची स्पीकरची खोकी तिने पुढे बनवावीत, पण अटी आहेत. भुसा दाबून केलेली फळी वापरू नये, ओल लागली की ती पावासारखी फुगते. जाड प्लायवूड घ्यावं, सरस सढळ हाताने लावावा, चार-चार बोटांवर स्क्रू मारावा. मग ऑर्गन वाजता ठेवून सांध्यांवरून पेटती मेणबत्ती फिरवावी. ज्योत हलली की तिथून हवा सुटते आहे, खोकं पुन्हा उघडावं. लुशस कुरकुरायचा, "अगं, एवढ्याशा फटीनं काय होतंय?" मी म्हणायची, "तुझ्या पुढच्या दातांतल्या फटीनं होतं तेच."

चौतीस चर्चमध्ये आमची खोकी आहेत. प्रत्येकावर लुशसच्या नावाची पितळी पट्टी आहे. लाकूड त्याने कापलं हे खरं. ते कुठे कुठे चुकलं ते मी ऐकलं. टॉनेटने पट्टीवर स्वतःचं नाव घालावं आणि नवऱ्याला विचारू नये.

कलम ३. माझी जांभळी टोपी, पिसांसकट, अल्थिया ग्रिम्सला. ती आमच्या चर्चमध्ये तीस वर्षं ऑर्गन वाजवते आहे आणि तितकीच वर्षं त्या टोपीकडे बघते आहे.

कलम ४. आमच्या न्यू बेथसैदा चर्चमधली तीन खोकी. दोन वर, गाणाऱ्यांच्या दोन बाजूंना; तिसरं तळघरातल्या स्वयंपाकघरात. तिन्ही माझ्या मालकीची असून चर्चला फक्त वापरायला दिली आहेत. १९५८ सालचा तसा कागद, तेव्हाच्या पाळकांच्या सहीसकट, सोबत आहे.

तिसऱ्याची हकीकत अशी. वर दोनशे माणसं देवाचं ऐकत बसायची आणि त्यांच्या जेवणासाठी आम्ही सहा बायका खाली कोंबडी तळायचो. आम्हाला ऐकू यायचा तो नळ. मी लुशसला म्हटलं, खाली एक खोकं कर. तो म्हणाला, "स्वयंपाकघराला ऑर्गन कशाला?" मी त्या दिवशी त्याला वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने प्लायवूड आणलं.

तेव्हापासून पद्धत पडली. उपदेश संपत आला की अल्थिया पाळकांच्या आवाजाखालून हळूच सूर चढवते, आणि तो चढला की रूबी नेल, जी आता स्वयंपाकघर सांभाळते, कोंबडी तेलात सोडते. वर प्रार्थना आणि शेवटचं गाणं होईतो खाली ताटं तयार. एकोणतीस वर्षं कोणी गार तुकडा खाल्ला नाही.

मग रेव्हरंड क्रॉकेट आले. तरुण आहेत, आवाज चांगला आहे, थांबणं शिकायचं राहिलं आहे. सूर चढतो, संपलं असं वाटतं, आणि हे परत मोशेपासून सुरू करतात. तीन रविवार कोंबडी वेळेआधी तळून चामड्यासारखी झाली. चौथ्या रविवारी ते खाली आले.

"आजी, या खोक्यामुळे घोटाळा होतोय. मी वायर काढायला सांगितली आहे."

"घोटाळा खोक्याचा नाही, पाळकसाहेब. तुम्ही एकदाच संपवा."

"पवित्र आत्मा घड्याळ बघत नाही, आजी."

"तेलही बघत नाही, बाळा."

वायर निघाली. पुढच्याच आठवड्यात तिन्ही खोकी विकून प्लास्टिकची आणायची म्हणून ते माझ्याकडे कोरा कागद घेऊन आले. "सही तेवढी करा, बाकीचं मी भरतो." दबाव म्हटलं तो हाच. मी त्यांना चहा दिला आणि कागद चुलीच्या डुगडुगत्या पायाखाली घातला.

रूबी नेल अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. वायर निघाल्यापासून सहा रविवार तिने एक गाणं ऐकलेलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, वर येऊन बसा की." ती म्हणाली, "मग तळायला तुम्ही येता का खाली?" ते वर गेले.

सबब माझी इच्छा अशी: तिन्ही खोकी एकत्र राहतील. तिसऱ्याची वायर जोडलेली असेल तोवर ती न्यू बेथसैदाची. सलग चार रविवार ती तुटलेली आढळल्यास तिन्ही समोरच्या माउंट तबोर चर्चला जातील. त्यांच्याशी आमचं १९६३ पासून गाड्या लावण्यावरून वाजलेलं आहे आणि त्यांचा ऑर्गन सध्या भिजल्या मांजरासारखा ओरडतो. न्यायला टॉनेट येईल. वायर तुटली की नाही हे स्वयंपाकघर ठरवेल, वरची कमिटी नाही.

या कलमाची नक्कल मी बुधवारी क्रॉकेट यांना पाठवली. वकील म्हणाले, मेल्यावर वाचायची गोष्ट आधीच कशाला दाखवता? मेल्यावर मला त्यांचं तोंड कसं दिसणार?

कलम ५. माझ्या दफनाच्या वेळी उपदेश क्रॉकेट यांनीच करावा. वीस मिनिटं. तेवढे ते मला आवडतात.

स्थळ: न्यू बेथसैदा चर्च, तळघरातलं स्वयंपाकघर, डेट्रॉइट
दिनांक: रविवार, ११ ऑक्टोबर १९८७, दुपारी पाऊण

सही: ओझेला टिस्डेल
(सही हललेली आहे, हा वयाचा दोष कोर्टाने समजू नये. मी पेन टेकवला आणि वर अल्थियाने पायाने ऑर्गनचा सगळ्यात खालचा सूर दाबला, तो इथल्या खोक्यातून आला. टेबल हललं.)

आम्ही खाली सह्या करणार, या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळत नाही आणि आम्ही हे आमच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

साक्षीदार १: हॉरेस बीमन, चर्चचा राखणदार. पाळकसाहेबांच्या सांगण्यावरून वायर यानेच काढली होती, आणि काल त्यांच्याच सांगण्यावरून यानेच जोडली.

साक्षीदार २: रूबी नेल पॅटन. हिची सही दोन तुकड्यांत आहे. नाव लिहून झालं आणि वर सूर चढला. कोंबडी तेलात सोडून आल्यावर तिने आडनाव लिहिलं.