गाडी बंद पडली ते दोन दिवस

अप्पा, पंचमीला मी माहेरी आले होते आणि मला मोडनिंबला परत सोडायच्या दिवशी सकाळीच आपली गाडी बंद पडली, ते तुम्हाला पुढं कधी आठवलं की नाही, मी विचारलं नाही. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, माझ्या लग्नाला दहा महिने. अव्वानं शेंगाच्या पोळ्या बांधून पिशवी माझ्या मांडीवर दिली होती. मी मागच्या सीटवर बसले होते. तुम्ही किल्ली फिरवलीत तर पुढून नुसतं टक् टक् झालं. पुन्हा फिरवलीत, पुन्हा तेच. तुम्ही दिवे लावून पाहिलेत. शेडच्या भिंतीवर पिवळट उजेड पडला आणि किल्ली फिरवताच तोही विझत आला. "इंजिनला काई झालं न्हाय," तुम्ही म्हणालात, "बॅटरीच गेलीय." आणि मागं बसल्या बसल्या मला इतकं हायसं वाटलं की मी तोंडाला पदर लावला.

अव्वा म्हणाली, एसटीनं जाऊ दे तिला. शेजारचे काका म्हणाले, धक्का मारतो. तुम्ही दोघांनाही नाही म्हणालात. "धक्क्यानं निघंल. पण तितं जाऊन बंद पडली तर? लेकीच्या सासरच्यांना धक्का मारायला लावू?" सुताची दलाली करून तुम्ही ती जुनी गाडी घेतली होती आणि तिला कधी मिस्त्रीचा हात लागू दिला नव्हता. आम्ही तिघी बहिणीच. त्यातली घरात मी एकटी. म्हणून मला हाक मारलीत, "बा इल्ली, हिकडं ये. पण आदी साडी बदलून ये, ॲसिड उडलं तर भोकं पडतील."

बॉनेट उघडलेलं मी जवळून पहिल्यांदाच पाहत होते. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर हिरवट पांढरी भुकटी साचली होती. स्वयंपाकघरातून खायचा सोडा आणि गरम पाणी आणायला लावलंत. ते ओतल्यावर भुकटी फसफसून वाहून गेली. तुम्ही टोकं कानशीनं घासलीत, नट आवळलेत, किल्ली फिरवलीत. टक् टक्. मग बॅटरी काढून चार्जिंगला पाठवलीत. काढताना सांगितलंत, आधी अर्थची, म्हणजे वजा टोकाची, तार सोडायची आणि बसवताना तीच शेवटी जोडायची. तो सगळा दिवस मी अव्वापाशी भाकऱ्या थापत बसले आणि दर थोड्या वेळानं दारातून बॅटरीच्या त्या रिकाम्या चौकटीकडं बघत राहिले.

संध्याकाळी बॅटरी आली, बसवली, आणि तसंच झालं. तेव्हा तुम्ही तिची सहाही झाकणं उघडलीत. सुताच्या गोदामातल्या एका ट्रक ड्रायव्हरकडून काचेची नळी आणली होती, आत एक हलका काटा तरंगायचा. एकेका घरातलं पाणी तिच्यात ओढून बघायचं. मी नळी धरली होती, तुम्ही वाकून वाचत होतात. पहिल्या दोन घरांत काटा वर आला. तिसऱ्यात तळाला बसून राहिला. पुढच्या तिन्हींत परत वर. "हे एक घर मेलंय," तुम्ही म्हणालात. "आता कितीबी चार्ज करा, धरणार न्हाय. नवीच पायजे." आणि झाकणं लावता लावता, माझ्याकडं न बघता, विचारलंत, "तिकडं दुपारचं काय करतीस तू?"

समोरासमोर बसून विचारलं असतंत तर मी सांगितलं नसतं. पण आपण दोघंही इंजिनात बघत होतो. "खोलीत बसते," मी म्हणाले.

"झोपतीस?"

"नाही. बाहेरून कडी असते."

तुमचे हात थांबले. मग मी सांगून टाकलं. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात मी एकदा दुपारी एकटीच हायवेवर एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले होते. गावातल्या कुणीतरी घरी आणून सोडलं. तेव्हापासून सगळे शेतात, दुकानात गेले की सासूबाई माझ्या खोलीला बाहेरून कडी घालतात, आणि दिवे लागायच्या सुमाराला काढतात. ह्यांना माहीत आहे. खोलीला एक झरोका आहे, त्यातून गोठ्याचा पत्रा दिसतो. पाण्याचा तांब्या आत ठेवतात.

तुम्ही विचारलंत, "थांब्यावर कशाला गेलतीस?"

एवढंच. हात पुसलेत आणि नळी धुऊन ठेवायला सांगितलीत. त्या एका प्रश्नाचा मला किती राग आला होता, अप्पा. अजूनही कधी कधी भांडी घासताना मी त्याचं उत्तर देत असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही टांग्यातून नवी बॅटरी आणलीत, पोत्यावर ठेवून, मांडीशी धरून. ती तुम्ही मला बसवायला लावलीत. शिकून ठेव, म्हणालात. मी ती चौकटीत नीट टेकवली, पट्टी आवळली, जाडी तार जोडली, मग अर्थची. तो शेवटचा नट मी सैल ठेवला. मुद्दाम ठेवला. वाटेत कुठंतरी गाडी बंद पडेल, एखादा दिवस आणखी मिळेल, यापलीकडं माझ्या डोक्यात काही नव्हतं. तुम्ही वाकलात, तार बोटानं हलवून पाहिलीत, आणि पान्यानं नट दोन वेढे आवळलात. "सैल ऱ्हायला हुता," म्हणालात. माझ्या तोंडाकडं बघितलंत आणि बॉनेट खाली घेतलंत. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली.

मोडनिंबला पोचलो. ओसरीवर चहा आला, पावसाचं बोलणं झालं. अर्धा कप ठेवून तुम्ही हात धुवायला म्हणून मागं गेलात. परत आलात ते सरळ गाडीकडं, आणि डिकीतून स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या खोलीपाशी. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. तुम्ही टोपी सरळ करता आणि पहिल्या स्क्रूला जोर लावता. सासूबाई धावत येतात.

"इवाई, काय करताय हे?"

"कडी सैल झालीय. काढून टाकतो."

"सैल न्हाय ती."

"मग घट्ट हाय. तरी काढतो."

चार स्क्रू होते. शेवटचा गंजला होता, त्याला वेळ लागला. कडी सदऱ्याच्या खिशात टाकलीत, उरलेला गार चहा उभ्यानंच प्यायलात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून "येतो" म्हणालात. मला वाटत होतं, आता म्हणाल, पिशवी घे, चल. तुम्ही दार लावलंत, गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि गेली.

दिवाळीला तुम्ही विचारलंत, "आता बरं हाय न्हवं?" मी व्हय म्हणाले. पुढं किती वर्षं तुम्ही अव्वाला सांगायचात की बोलून काही होत नसतं, कडीच काढावी लागती. सांगताना चेहरा फुलायचा तुमचा. अडीच वर्षांनी ह्यांना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम लागलं. आम्ही सोलापुरात एका खोलीत राहायला आलो. तिथं दाराला आतून कडी होती. मी ती दिवसातून चारदा लावून उघडून बघायची. मुलं झाली, संसार झाला, हेही निवळले. ते तुम्ही पाहिलंत आणि समाधानानं गेलात.

मधली अडीच वर्षं मात्र तुम्हाला माहीत नाहीत. तुम्ही कडी काढून परत गेलात त्याच्या चौथ्या दिवशी सासरच्यांनी नवी कडी बसवली, आधीच्या कडीपेक्षा जाड. तसं तुम्हाला कळवायला मी दोनदा पत्र लिहिलं आणि दोन्ही वेळा चुलीत घातलं. घाबरून नव्हे. कळलं असतं तर तुम्ही आला असता, तीही कडी काढली असती, आणि मला तिथंच ठेवून परत गेला असता. ते मला दुसऱ्यांदा बघवलं नसतं.