दोनवर उचल

१२ फेब्रुवारी, सकाळी

प्रिय गडबडे,

अनेक आशीर्वाद. मी मजेत. खुर्चीचं उजवं चाक माझ्यासारखंच, कितीही तेल घाला, कुरकुर चालूच. नातीचा फोटो मिळाला. नाक तुझंच घेतलंय, बिचारी!

तुझ्या जागी आलेली बाई चांगली आहे. मोठा चष्मा लावते, पाठीला उशा मापून लावते, माझ्याशी अदबीने भांडतेसुद्धा. चहा मात्र पाणचट करते.

सोमवारी आम्ही दोघी पडलो. घाबरू नकोस, पलंगावरच पडलो. मला खुर्चीत घेताना तू ‘एक, दोन, तीन’ म्हणायचीस आणि उचलायचीस मात्र दोनवर. तीन ऐकेपर्यंत माझं अंग भीतीने ताठ होतं, हे तुला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आठ वर्षांची सवय. मी दोनलाच पुढे झुकले. ती अजून मोजतेच आहे. धपकन दोघी गादीवर, तिचा चष्मा माझ्या केसांत! हसून हसून पोट दुखलं. मग ती डोळे पुसत म्हणाली, “बाई, रोज माझं काय चुकतं, तेवढं सांगा ना.” ते डोळे हसण्याने ओले झालेले नव्हते.

आता खरं सांगते. तुझं ते दोनवर उचलणं तिला सांगायचं आधी राहूनच गेलं होतं. पण तुझं पत्र आलं, ‘लेक म्हणते इथेच राहा. तुमचं जमत असेल तर राहते, नाहीतर येते,’ तेव्हापासून मी मुद्दामच गप्प बसले. मला तुला ‘जमत नाही’ असं कळवायचं होतं, आणि तेही खोटं न बोलता. जन्मभर कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढलं, आणि म्हातारपणी ही लबाडी! फार लाज वाटली गं.

तिला सगळं सांगितलं. मंगळवारी तिने दोनवर उचललं. अलगद म्हणणार नाही, पण खुर्चीतच बसले.

तेव्हा, जमतंय. राहा लेकीजवळ. तुझी आठवण रोज येते, त्याला ती बिचारी काय करणार? चहाचं प्रमाण तेवढं तिला लिहून पाठव.

हे पत्र पुन्हा न वाचता पाकिटात घालतेय. ‘राहा’ दोनवरच लिहून टाकलंय. तीनपर्यंत थांबले असते, तर ‘ये’ लिहिलं असतं.

तुझीच,
खुर्चीत नीट बसलेली बाई