दुसरं मत कुणाचं?

प्रिय डेलमर,

आपली शाळा शेजारच्या ब्रॅडिश गावच्या शाळेत मिसळायची का, यावर मंगळवारी मतदान झालं. नको म्हणणारे एकशे चाळीस, हो म्हणणारे दोन. शाळा वाचली. आता गावाला एकच चौकशी: ते दोन फितूर कोण?

त्यातली एक मी. अंगणात 'शाळा वाचवा'ची पाटी लावून मी गुपचूप हो म्हणून आले. तू आपल्या शाळेचा एकेकाळचा फुटबॉल कप्तान, अ‍ॅरिझोनात बसूनही चिडशील, म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही. पण दुसरं कोण, या विचाराने मला चैन पडेना.

काल चर्चच्या जेवणात ओपलबाई शेजारी बसल्या. अडतीस वर्षं त्यांनी पहिलीला शिकवलं. गावातली सगळ्यात मोठी पाटी त्यांच्याच दारात आहे.

"ट्वायला, तुझी नात पहिलीत एकटीच ना गं?"

"हो बाई, अख्ख्या वर्गात तेवढी एकच."

"मग मधल्या सुट्टीत लपाछपी कुणाशी खेळते?"

"शिक्षिकेशी."

बाईंनी आपल्या ताटातला अ‍ॅपल-पायचा गोड तुकडा माझ्या ताटात सरकवला आणि हळूच म्हणाल्या, "पाटी इतक्यात काढू नकोस हं. मीही नाही काढत."

तुझी फितूर बहीण,
ट्वायला