चाळीस दिवसांच्या आत

शुक्रवार, १३ जानेवारी

नाव ठरलं — रिहाम! तीन नावांच्या तीन मेणबत्त्या लावल्या. दोन विझल्या, हिची तेवत राहिली. माझी नात आज सात दिवसांची! सातव्याच्या रीतीप्रमाणे तिला चाळणीत निजवलं आणि कानाशी असा खलबत्ता कुटला, की खालचा न्हावी काय पडलं म्हणून बघायला वर आला. बसला मग जेवायला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर वजदीला, माझ्या लेकाला, ही पोर झाली. आनंद पोटात मावत नाही. मासे भाजले होते, पण मला खायला सवड कुठली. अक्षरं वाकडी येताहेत — मशिदीतल्या वर्गात शिकले तेवढंच. असू दे, वाचणार कोण आहे!

शनिवार, १४

आरोग्य केंद्रातली नर्स अझीझा आली होती. आमच्या पोर्ट सईदला हल्ली प्रत्येक घराची फाईल केंद्रात असते, गरीब असो की श्रीमंत. बाळ झालं की या बायका दारात हजर. म्हणाली, बाळाच्या छातीला नळी लावून बघते. मी तिला बसवलं, बाळंतिणीसाठी केलेलं मोगात नावाचं गरम पेय पाजलं, शेंगदाण्याची पुडी दिली आणि सांगितलं, नात आईबरोबर तिच्या माहेरी गेलीय.

खोटंच. दोघी आतल्या खोलीत होत्या. चाळीस दिवसांच्या आत परक्या डोळ्यांपुढे पोर न्यायची? तीही नऊ वर्षांनी झालेली? अझीझा बाई चांगली, माझी साखर तीच तपासते. पण डोळे घारे आहेत, तशांची नजर लागते, त्याला मी काय करू.

गुरुवार, १९

रिहाम दूध ओढता ओढता थांबते. धाप लागते. मीठ ओवाळून टाकलं.

रविवार, २२

ओठ जांभळे पडले. मी म्हटलं, केंद्र दोन गल्ल्यांवर आहे, पळा. वजदी म्हणाला, नंबर लावून बसायला मी काय पेन्शनीत निघालोय? त्याच्याकडे कंपनीचं विम्याचं कार्ड, सोनेरी. त्या कार्डाच्या खासगी रुग्णालयात गेलो. खोटं का बोलू — झकास जागा. लादीत तोंड दिसतं. बसायच्या आत कॉफी. डॉक्टरही देवमाणूस. तासाभरात सगळं तपासून म्हणाला, हृदयाला भोक आहे, ऑपरेशन लवकर करावं लागेल.

मग समोरच्या मुलीने विमेवाल्यांना फोन लावला. ठेवला. हळू आवाजात म्हणाली, "जन्मापासूनचा आजार कार्डात बसत नाही."

वजदी म्हणाला, "सोळा दिवसांच्या पोरीला दुसरा कुठला आजार असणार, ताई?"

त्या बिचारीने आमचे कागद नीट लावून परत दिले. तिचं काय चुकलं.

सोमवार, २३

केंद्रात गेलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, घामाचा वास, पुढे चाळीस माणसं. वजदी मुकाट नंबर घेऊन बसला. डॉक्टर मायसाने पोरीचे ओठ लांबूनच बघितले आणि नंबर सोडून आत घेतलं. फाईलमध्ये नाव घातलं, मोठ्या सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली. ऑपरेशन होईल, आजार जन्माचा का नंतरचा ते कोणी विचारलं नाही. पण — रांग आहे. तिकडे कोणाला घेत नाहीत म्हणून रांग नाही, इकडे सगळ्यांना घेतात म्हणून रांग! मला तर दोन्हींची भीती वाटते.

डॉक्टर म्हणाली, ज्याचा श्वास तोकडा त्याला आधी घेतात. मग विचारलं, पहिल्या तपासणीला नर्स आली नव्हती का? मी पोरीचं दुपटं सारखं करू लागले. अझीझा तिथेच उभी होती. म्हणाली, गेले होते, बाळ माहेरी होतं. माझी सून नेर्मीन शेजारीच होती. काही बोलली नाही. मला वाटलं तिने ऐकलं नाही.

मंगळवार, २४

मोठ्या रुग्णालयातून फोन नाही.

बुधवार, २५

फोन नाही. वजदी भाकरी चिवडत म्हणाला, आठवडाभर आधी कळलं असतं तर एव्हाना आपली पाळी आली असती. मी उठून आत गेले. तो आठवडा मी खाल्ला. मीच! कोणाच्या डोळ्यांनी नाही, माझ्या तोंडाने नजर लागली पोरीला. देवा, मला ने, माझी साखर झालेली म्हातारी हाडं ने.

शुक्रवार, २७

झोपेत श्वास मोजते. मोजताना चुकते, पुन्हा पहिल्यापासून.

शनिवार, २८

बोलावणं आलं. पिशवीत काय भरलं ते आठवत नाही. तिथे बघितलं तर तिच्या कपड्यांऐवजी माझीच शाल आणि चपला.

सोमवार, ३०

सकाळी आत नेलं. पाच तास. शेजारच्या बाकावर एका कोळ्याची बायको, तिचा मुलगाही आत. आम्ही एकमेकींचं नावही विचारलं नाही, नुसते हात धरून बसलो. वजदीने सोनेरी कार्ड काढून नखाने खरवडलं, परत खिशात ठेवलं.

दुपारी दाखवली. इवल्याशा छातीवर केवढी पट्टी. पण ओठ! गुलाबी — डाळिंबाच्या दाण्यासारखे!

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

आज नेर्मीनला सांगून टाकलं. पोरी, नर्सला मीच परत धाडलं, खोटं बोलून. तू मला घराबाहेर काढलंस तरी चालेल.

ती बाळाची दुपटी घडी घालत होती. वर बघितलं नाही.

"मी दारामागेच होते, आई. जांभळे ओठ मला तिसऱ्या दिवशीच दिसले होते. तुम्ही नर्सला घालवलंत, तेव्हा ऐकायचं टळलं म्हणून मला बरं वाटलं."